खाऱ्या टाकीतले आजारपण: लक्षणांपासून निदानापर्यंत

खाऱ्या पाण्याच्या टाकीतले बहुतेक जीवघेणे आजार आधी माशाच्या कल्ल्यांवर घाव घालतात. कातडीवर दिसतात ते मागाहून. याचे कारण माशाच्या शरीराच्या ठेवणीत आहे. सागरी माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांच्या साधारण एक तृतीयांश असतात. त्यामुळे शरीरातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा खारे पाणी पितो आणि त्यातले जादा मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. श्वास घेणे, मीठ बाहेर टाकणे आणि अमोनिया बाहेर टाकणे ही तिन्ही कामे एकाच नाजूक अवयवावर पडतात. कल्ल्यांचे पातळ अस्तर सुजले किंवा सोलले गेले, तर मासा गुदमरतो आणि त्याच वेळी आतून सुकतही जातो. अंगावर एकही डाग नसलेला मासा सकाळी मेलेला सापडतो, तो बहुधा यामुळे.

निदान अचूक असण्याची गरज आणखी एका गोष्टीमुळे वाढते. या आजारांची औषधे एकमेकांच्या कामी येत नाहीत. तांब्याचे औषध पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आणि व्हेल्व्हेट या परजीवी रोगावर चालते, पण कातडीला चिकटणाऱ्या चपट्या कृमींचे त्याने काही बिघडत नाही. पाण्याचा खारेपणा बराच कमी केला की ठिपक्यांचा परजीवी मरतो, व्हेल्व्हेटचा मात्र त्याच पाण्यात सुखाने वाढतो. ब्रूकलिनेला या रोगावर तांबे भरवशाचे नाही, त्याला फॉर्मेलिन लागते. लिम्फोसिस्टिस या विषाणूजन्य रोगावर तर औषधच नाही. रोग न ओळखता औषध घातले तर मोलाचे तास वाया जातात आणि आधीच दमलेल्या माशावर औषधाचा भार पडतो तो वेगळाच. म्हणून निदानाचा एक क्रम ठरलेला आहे: आधी वागणूक, मग पाणी, मग श्वास, मग अंग, आणि शेवटी सूक्ष्मदर्शक.

निरोगी मासा कसा वागतो

आजार ओळखण्याआधी त्या जातीचे रोजचे वागणे ठाऊक असावे लागते, कारण कोरल रीफवरच्या अनेक माशांच्या सवयी आजारासारख्या दिसतात. रॅस कुळातले बरेच मासे रात्री वाळूत पुरून घेतात. नव्या टाकीत आल्यावर काही तर दोन-तीन दिवस वरही येत नाहीत. पॅरटफिशच्या काही जाती झोपताना स्वतःभोवती बुळबुळीत पारदर्शक कोष विणतात. ट्रिगरफिश खडकाच्या फटीत आडवा पडून झोपतो. रॉयल ग्रॅमा कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो. पिवळा टँग अंधारात फिका पडतो आणि त्याच्या अंगावर पांढरट पट्टा उमटतो. दिवा लागल्यावर थोड्या वेळाने त्याचा रंग परत येतो. लहान क्लाउनफिश मोठ्या मादीसमोर अंग थरथरवतो, ती शरणागतीची खूण असते.

म्हणून निरीक्षण रोज ठरावीक वेळी करावे. खाणे टाकल्यावर कोण आधी येतो, कोण मागे राहतो, एरवी मोकळ्यात फिरणारा मासा कोपरा धरून बसला आहे का, हे पाहावे. खाण्यावरची वासना उडणे हे बहुतेक आजारांचे पहिले लक्षण. त्यावरून आजाराचे नाव कळत नाही, पण काहीतरी बिनसले आहे एवढे नक्की कळते. अंग खडकावर किंवा वाळूवर घासणे, डोके झटकणे, पर अंगालगत मिटून ठेवणे, पाण्याच्या पृष्ठभागाशी किंवा पंपाच्या धारेत तोंड धरून थांबणे या पुढच्या खुणा होत.

पाणी आधी तपासावे

वागणूक बदललेली दिसली की औषधाच्या बाटलीआधी तपासणीचा संच हाती घ्यावा. टाकीतले सगळे मासे एकाच दिवशी, एकाच तऱ्हेने अस्वस्थ झाले असतील, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. संसर्ग साधारणपणे एका-दोघांपासून सुरू होऊन पसरतो.

कोरल रीफवरच्या माशांसाठी तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आणि पीएच 8.1 ते 8.4 असावा. अमोनिया आणि नायट्राइट तपासणीत शून्य यायला हवेत. अमोनियाचा विषारी अंश पीएच वाढेल तसा वाढतो. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारे अमोनियाचे प्रमाण खाऱ्या टाकीत कल्ले भाजून काढते. नवी टाकी, पुरेसे जिवाणू न वाढलेला फिल्टर, खडकामागे मरून कुजलेला एखादा जीव किंवा एकदम वाढलेली माशांची संख्या ही त्याची नेहमीची कारणे.

प्राणवायूचा हिशेबही इथे वेगळा आहे. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात सुमारे एक पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमान 32 अंशांवर जाते, किंवा रात्री वीज जाऊन पंप बंद पडतो, तेव्हा टाकीतले सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हा रोग नव्हे. हवेचा पंप सुरू केला आणि पाणी हळूहळू गार केले की ते काही वेळात सावरतात. अशा वेळी घातलेले औषध उलट घातक ठरते, कारण फॉर्मेलिनसारखी औषधे पाण्यातला प्राणवायू आणखी कमी करतात.

श्वास मोजणे

पाणी ठीक असेल तर लक्ष कल्ल्यांवर द्यावे. कल्ल्याचे झाकण मिनिटाला किती वेळा उघडते ते घड्याळ लावून मोजता येते. हा आकडा जातीनुसार आणि माशाच्या आकारानुसार बदलतो, म्हणून मासा निरोगी असतानाच त्याची नोंद करून ठेवणे सर्वांत उपयोगी पडते. त्या नोंदीपेक्षा वेग बराच वाढला असेल, एका बाजूचेच झाकण हलत असेल किंवा झाकण नेहमी अर्धवट उघडे राहत असेल, तर कल्ल्यांवर काहीतरी बसले आहे असे समजावे. धाप आहे आणि अंगावर मात्र काहीच दिसत नाही, अशी जोडी आढळली तर पहिला संशय व्हेल्व्हेटवर आणि दुसरा कल्ल्यांतल्या कृमींवर घ्यावा.

अंगावरच्या खुणा

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वांत परिचित आहे. हौशी मंडळी त्याला ‘मरीन इक’ म्हणतात. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या केसाळ एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. ठिपके मिठाच्या दाण्यांसारखे सुटे, उठावदार आणि मोजता येण्याजोगे असतात. आधी परांवर आणि मग अंगावर दिसतात. परजीवी कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस माशावर पोसतो. मग तो गळून तळाशी जातो, वाळूवर किंवा खडकावर कवच करून बसतो आणि आत विभागत राहतो. कवच फुटण्याचा काळ तीन दिवसांपासून कित्येक आठवड्यांपर्यंत असू शकतो. 72 दिवसांपर्यंतची नोंद आहे. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो.

हे चक्र माहीत नसले की हमखास फसगत होते. माशावरचे ठिपके चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप नाहीसे होतात. त्या दरम्यान जे औषध, जो लसूण, जे जीवनसत्त्व दिले असेल, त्यालाच गुण आल्याचे श्रेय मिळते. प्रत्यक्षात परजीवी पोट भरून तळाशी गेलेला असतो आणि काही दिवसांनी अनेक पटींनी वाढून परततो. ठिपके दिसणे, नाहीसे होणे आणि पुन्हा जास्त संख्येने दिसणे ही फेरीच या रोगाची सर्वांत भरवशाची खूण आहे. उलट एखादा ठिपका एकाच जागी दोन आठवडे तसाच राहिला, तर तो हा रोग नव्हे.

व्हेल्व्हेट हा त्याहून कितीतरी घातक आहे. अ‍ॅमिलूडिनियम ओसेलेटम हा डायनोफ्लॅजेलेट गटातला परजीवी मुळांसारख्या धाग्यांनी कल्ल्यांना घट्ट धरतो. तळाशी पडलेला एक परजीवी विभागून 256 पर्यंत नवे जीव सोडतो. अंगावर तो दिसलाच तर बारीक, पिठूळ, करड्या-सोनेरी झाकेचा थर म्हणून दिसतो आणि त्यातले कण मोजता येत नाहीत. टाकीचा दिवा बंद करून बाजूने विजेरी धरली तर हा थर चटकन नजरेत भरतो. मासा उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड धरून राहतो आणि खाणे सोडतो. पहिली धाप ते मृत्यू हे अंतर पुष्कळदा एक-दोन दिवसांचेच असते. इथे ठिपक्यांची वाट पाहणे म्हणजे मासा गमावणे.

ब्रूकलिनेला हॉस्टिलिस क्लाउनफिशमध्ये इतका आढळतो की त्याला क्लाउनफिशचा रोग असेच म्हणतात. इतर माशांनाही तो होतो. हा परजीवी तळाशी कवच करत नाही. माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, म्हणून त्याचा जोर भराभर वाढतो. अंगावर दाट पांढरट चिकटा येतो आणि त्याचे पदर सुटून पाण्यात लोंबू लागतात. समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाउनफिशमध्ये हा धोका अधिक. टाकीतच जन्मलेल्या पिलावळीत तो बराच कमी असतो.

क्रोमिस आणि डॅमसेल जातींच्या अंगावर कुशीला लालसर चट्टा उठून त्याची जखम झाली, तर युरोनिमा मरिनमचा संशय घ्यावा. हा जीव एरवी पाण्यातल्या जिवाणूंवर जगतो, पण माशाच्या कातडीत शिरला की स्नायूंपर्यंत पोचतो. चट्टा बाहेर दिसतो तोवर आतले नुकसान बरेच झालेले असते.

चपट्या कृमींची लक्षणे फसवी असतात. निओबेनेडेनिया मेलेनी ही त्यांतली कुप्रसिद्ध जात. कृमी काही मिलिमीटर लांब, पण पारदर्शक. माशाच्या अंगावर असूनही दिसत नाहीत. मासा अंग घासतो, डोळे धुरकट होतात, कातडीवर फिके डाग पडतात. ही सगळी लक्षणे ठिपक्यांच्या रोगात किंवा मार लागल्यावरही दिसू शकतात.

लिम्फोसिस्टिसमध्ये परांच्या कडांवर आणि तोंडाजवळ खडबडीत, पांढरट गुठळ्या येतात. विषाणूमुळे एकेक पेशी फुगून नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी होते. मासा खात-पीत असेल तर आहार आणि पाणी चांगले ठेवून वाट पाहावी. काही आठवड्यांत गुठळ्या बहुधा आपोआप गळतात.

जिवाणूंचा संसर्ग पुष्कळदा मागून येतो. वाहतूक, भांडण किंवा परजीवी यांनी कातडी फाटली की व्हिब्रिओसारखे जिवाणू आत शिरतात. लाल रेघा, झडलेले पर, उघड्या जखमा आणि फुगलेले पोट ही त्याची लक्षणे. एकच डोळा बाहेर आला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही डोळे एकदम बाहेर आले तर आजार शरीरभर पसरला असण्याची शक्यता मोठी. मासा खात असूनही आठवडे-महिने वाळत जातो, पाठीचा कणा वाकतो आणि न भरणाऱ्या जखमा होतात, तेव्हा मायकोबॅक्टेरियमचा विचार करावा. याच गटातला मायकोबॅक्टेरियम मरिनम 1926 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांमध्ये प्रथम ओळखला गेला. तो माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून दीर्घकाळ टिकणाऱ्या गाठी निर्माण करतो. म्हणून हाताला खरचटलेले असेल तर हातमोजा घातल्याशिवाय टाकीत हात घालू नये. बोटांवर किंवा हातावर न बरी होणारी गाठ आली, तर घरात मत्स्यटाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

टँग आणि एंजलफिश यांच्या डोक्यावर व अंगावरच्या पार्श्वरेषेलगत खड्डे पडून रंग उडतो, तो परजीवीमुळेच होतो असे नाही. निकृष्ट आहाराकडे बरीच वर्षे बोट दाखवले जात होते. जे हेमडाल आणि आर. अँड्र्यू ओडम यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लिग्नाइटपासून बनवलेल्या सक्रिय कार्बनच्या वापराने सर्जनफिशमध्ये हा विकार उद्भवल्याचे दाखवले. तेव्हा अशा माशाच्या बाबतीत फिल्टरमधला कार्बनही तपासावा.

काळाचा पुरावा

दोन आजार सारखे दिसले तर त्यांचा वेग त्यांना वेगळे करतो. काही तासांत सगळी टाकी अस्वस्थ झाली, तर अमोनिया, प्राणवायू किंवा बाहेरून गेलेले विष. एक ते तीन दिवसांत एकामागून एक मासे धापा टाकून मेले, तर व्हेल्व्हेट किंवा ब्रूकलिनेला. आठवड्याच्या अंतराने ठिपके येऊन-जाऊन वाढत गेले, तर मरीन इक. आठवडे-महिने चालणारी हळू घसरण असेल, तर कृमी, मायकोबॅक्टेरियम, उपासमार किंवा आहारातली उणीव. म्हणून शेवटचा नवा मासा, प्रवाळ किंवा खडक टाकीत कधी आला, पहिले लक्षण कधी दिसले आणि कोणत्या माशावर दिसले, याची वही ठेवणे निदानाला फार मदत करते. मासा नव्यानेच आणलेला असेल तर तो कुठून आणि किती प्रवास करून आला, हेही विचारून घ्यावे.

सूक्ष्मदर्शकाखाली

नजरेचा अंदाज पक्का करायचा तर कातडीचा चिकटा तपासावा लागतो. ओल्या हातांनी किंवा मऊ जाळीत मासा धरून, छातीच्या परामागे काचपट्टीची कड डोक्याकडून शेपटीकडे हलकेच एकदा फिरवतात. निघालेला चिकटा काचपट्टीवर टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात ठेवून वर झाकणकाच ठेवतात. नळाचे पाणी वापरले तर परजीवी फुगून फुटतात आणि काहीच सापडत नाही. नमुना काही मिनिटांतच पाहावा, कारण ओळख पटते ती हालचालीवरून. सुरुवातीला 40 पट आणि मग 100 पट मोठे करून पाहणे पुरते.

क्रिप्टोकॅरिऑन मोठा, गोलसर, गडद असतो आणि जागच्या जागी सावकाश गरगरतो. अ‍ॅमिलूडिनियम हलत नाही. तपकिरी, लांबट गोल पिशवीसारखा पेशीला चिकटून असतो. ब्रूकलिनेला चपटा, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा असून सरकत फिरतो. युरोनिमा त्याहून लहान, एका टोकाला निमुळता आणि अतिशय चपळ असतो. कृमी असेल तर तिचे मागचे आकडे स्पष्ट दिसतात. एका जागेचा नमुना कोरा निघाला म्हणून मासा निरोगी ठरत नाही; कल्ल्यांवरचा परजीवी कातडीच्या चिकट्यात सापडेलच असे नाही. कल्ल्याचा तुकडा घेणे मात्र जाणकार पशुवैद्यक किंवा मत्स्यतज्ज्ञानेच करावे.

सूक्ष्मदर्शक नसेल तर कृमींसाठी गोड्या पाण्याची परीक्षा करता येते. क्लोरीन काढलेले, टाकीच्याच तापमानाचे आणि पीएचचे गोडे पाणी गडद रंगाच्या भांड्यात घेऊन त्यात हवेचा पंप सोडतात आणि मासा सुमारे पाच मिनिटे ठेवतात. या पाण्यात पारदर्शक कृमी फुगून पांढऱ्या होतात. एरवी नितळ दिसणाऱ्या अंगावर, डोळ्यांवर तिळाएवढे पांढरे ठिपके उमटू लागतात आणि गळून तळाशी साचतात. भांड्याचा तळ गडद असल्याने ते मोजताही येतात. मासा तोल जाऊन कलंडला तर वेळ पुरी होण्याआधीच त्याला परत खाऱ्या पाण्यात सोडावे. ही परीक्षा कृमींचा संशय खरा-खोटा करते. ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी कातडीखाली असल्याने तो यातून सुटतो. गळालेल्या कृमींनी टाकीत आधीच अंडी घातलेली असू शकतात, म्हणून पुढे प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाचा उपचार करावा लागतो.

मेलेल्या माशाची तपासणी

मेलेला मासाही बाकीच्यांना वाचवू शकतो, पण तो ताजा असावा लागतो. उबदार पाण्यात कल्ले फार लवकर विरघळू लागतात आणि परजीवी माशाला सोडून जातात. डोळे धुरकट झालेल्या, कल्ले फिके पडलेल्या माशातून फारसे काही हाती लागत नाही. मासा सापडताच प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, फ्रीजरमध्ये नव्हे. गोठल्याने पेशी फुटतात. शक्य तितक्या लवकर तो मत्स्यविज्ञान महाविद्यालयाच्या किंवा पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत न्यावा. सोबत पाण्याचा वेगळा नमुना आणि वहीतल्या नोंदी द्याव्यात. प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ करून त्यांवर कोणते प्रतिजैविक चालते ते पाहता येते, ऊतींचे पातळ काप तपासता येतात आणि पीसीआरने विषाणू ओळखता येतो. प्रतिजैविक द्यायचेच असेल तर ते या अहवालावरून द्यावे.

निदानानंतर

उपचार शक्यतो वेगळ्या टाकीत करावा. तांबे प्रवाळ, कोळंबी, शंख-शिंपले यांना मारते आणि चुनखडीचे खडक व वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे मुख्य टाकीत त्याचे प्रमाण टिकत नाही. आयन स्वरूपातल्या तांब्याची कामाची पातळी लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात असते. त्याखाली परजीवी वाचतो, त्यावर माशाला इजा होते. म्हणून पातळी रोज मोजावी लागते. जटिल संयुगातल्या तांब्याची मात्रा वेगळी असते, तेव्हा उत्पादकाची सूचना आणि त्याच औषधाला चालणारा तपासणी संच वापरावा. मरीन इक ठरला असेल तर सगळे मासे उपचाराच्या टाकीत हलवून मुख्य टाकी 76 दिवस माशांविना ठेवण्याची पद्धत आहे. तळाशी उशिरा फुटणाऱ्या कवचांचा काळ त्यात संपतो. प्रवाळ आणि इतर जीव त्या काळात तिथेच राहू शकतात.

नवा मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी चार ते सहा आठवडे वेगळा ठेवला, तर वर सांगितलेली बहुतेक लक्षणे तिथेच उघडी पडतात. तिथे खडकांची गर्दी नसते, मासा सतत नजरेसमोर असतो, श्वास मोजता येतो, गोड्या पाण्याची परीक्षा करता येते आणि औषधाची मात्रा नेमकी ठेवता येते. त्या चार-सहा आठवड्यांत केलेले निदान एका माशापुरते असते. मुख्य टाकीत केलेले निदान सगळ्यांच्या जिवावर बेतलेले असते.